गाडीची बॅटरी : घरच्या घरी तपासणी आणि निगा

आमच्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांच्या दारात आज एखादी मोटार किंवा छोटा टेम्पो उभा असतो. पेट्रोल-डिझेल भरले, वर्षातून एकदोनदा सर्व्हिसिंग करून घेतले की आपली जबाबदारी संपली, अशी आपली समजूत असते. बॉनेटखालच्या कोपऱ्यात बसलेल्या बॅटरीकडे कोणी पाहत नाही. चावी फिरवल्यावर नुसता 'टक' असा आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही, त्या सकाळीच तिची आठवण होते. मग धक्का मारायला माणसे गोळा करा, गॅरेजवाल्याला फोन करा आणि तो सांगेल तो आकडा मोजा.

आम्ही भिवंडीत कापडाचा धंदा करतो. ग्रे कापडाचा तागा उजेडाखाली उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही कोणाचे बिल पास करीत नाही. एका मीटरमागे दोन धागे कमी असले तरी आमच्या लक्षात येते. तरीही बॅटरीच्या बाबतीत आम्ही डोळे मिटून माल घेतला, पैसे घालवले आणि एका गरीब माणसावर आळ घेतला. ही गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमची गाडी घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढीच फिरते. मुंबईचा फेरा महिन्यातून एखादा. आमचे दुकान शुक्रवारी बंद असते. २०२३ साली एका शनिवारी सकाळी गाडी सुरू होईना. आम्ही ड्रायव्हरला विचारले, 'गुरुवारी जाताना दिवा चालू ठेवलास का?' तो म्हणाला, 'नाही सेठ, सगळे बंद करून गेलो होतो.' आम्हाला पटले नाही. त्याच्या पगारातून ५०० रुपये कापले. धक्का मारून गाडी सुरू झाली आणि आठवडा निघाला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी बॅटरीच्या दुकानातून माणूस बोलावला. त्याने दोनदा हॉर्न दाबला, कान दिला आणि म्हणाला, 'सेठ, बॅटरी गेली.' दोन वर्षांची बॅटरी. वॉरंटीचे कार्ड आम्ही शोधून काढले तर त्यावर विकणाऱ्याचा शिक्का नाही, तारीख नाही. कार्ड निरुपयोगी. चार हजारांहून जास्त रुपये देऊन नवी घेतली, जुनी त्याच्याच हवाली केली.

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या शनिवारी नवी बॅटरीही मेली. आम्ही आणखी ५०० रुपये कापले. तेवढ्यावर न थांबता दुकानात चार माणसे बसलेली असताना ड्रायव्हरला खोटारडा म्हणालो. जोहरच्या नमाजला म्हणून तो गेला, तो परत आला नाही.

गाडी तर हवीच होती. ओळखीतून एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन मिस्त्री आले. त्यांनी हॉर्न दाबला नाही. खिशातून मीटर काढून बॅटरीला लावला. आकडा आला ११.८. 'ही रिकामी झाली आहे, मेलेली नाही,' असे म्हणून त्यांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला नेली. दुसऱ्या दिवशी ती बसवून गाडी चालू केली आणि पुन्हा मीटर लावला. १४.२ आले. म्हणजे इंजिनावरचा अल्टरनेटर बॅटरीत नीट करंट भरत होता. मग त्यांनी गाडी बंद केली, मायनसची वायर सोडली आणि वायर व बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला. गाडी बंद, चावी बाहेर, दारे बंद. तरीही मीटर ०.४३ अँपिअर दाखवत होता. 'सेठ, तुमच्या घरात चोर आहे,' मिस्त्री म्हणाले. आमच्या मनात लगेच ड्रायव्हर आला, हे कबूल केले पाहिजे.

मिस्त्रींनी एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच मीटर जवळजवळ शून्यावर आला. छतावरचा दिवा तर विझलेला दिसत होता. त्यांनी फ्यूज परत बसवला, आमचा मोबाईल मागितला, त्यावर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. मिनिटभराने काढून पाहिले तर बंद डिकीत दिवा लख्ख पेटलेला. डिकी बंद झाली की दिवा विझवणारा जो खटका असतो तो वाकला होता. वाकला कशाने, तर आम्हीच सॅम्पलचे गठ्ठे कोंबून वरून डिकी आदळत होतो.

आता हिशेब पाहा. डिकीतला बल्ब ५ वॅटचा. १२ व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. गुरुवारी रात्री ८ ते शनिवारी सकाळी ९ म्हणजे ३७ तास. ०.४ गुणिले ३७ म्हणजे जवळपास १५ अँपिअर-अवर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. रोजच्या रात्री पाचेक जात होते आणि घर-दुकानाच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ते पुरते भरून येत नव्हते. शुक्रवारची सुट्टी आली की शिल्लक संपायची. नवी बॅटरी भरलेली होती म्हणून तीन शनिवार टिकली, एवढेच. दर वेळी शनिवारच का, हा साधा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही. उधारीच्या वहीत एखादी पार्टी दर महिन्याच्या एकाच तारखेला चुकते, तेव्हा आम्ही तिचा माग काढल्याशिवाय राहत नाही.

मिस्त्रींनी खटका सरळ केला, १५० रुपये घेतले आणि चहा पिऊन गेले. जी जुनी बॅटरी आम्ही टाकून दिली तीही बहुधा नुसती चार्ज करून चालली असती. त्याच संध्याकाळी आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो. मजुराच्या हक्काबद्दल दीनमध्ये किती सक्त ताकीद आहे हे वाचकांना सांगायला नको. त्याचे १,००० रुपये परत केले. दुसऱ्या दिवशी त्याच चार माणसांना बोलावून त्यांच्यासमोर माफी मागितली. त्याने पैसे घेतले आणि म्हणाला, 'सेठ, पैशाचे काही नाही. खोटारडा म्हणालात ते घरी मुलांपर्यंत गेले.' यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मीटर कसा लावावा

तेव्हापासून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एक मल्टिमीटर आहे. काही शे रुपयांत मिळतो. सोबतचे पुस्तक इंग्रजीत होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून मुलाकडून वाचून घेतले, पण खरे सांगायचे तर त्यातल्या दोनच खुणा लागतात. चकती डीसी २० व्होल्टवर आणावी. लाल सुई बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. वेळ सकाळची, गाडी सुरू करण्यापूर्वी. रात्री नुकतीच गाडी फिरवून आलेली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नये.

१२.६ किंवा त्याहून थोडे वर आले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. नवख्या माणसाला १२ पाहून वाटते की १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ आहेत, मग काय बिघडले? पण बॅटरीत सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा २.१ च्या आसपास देतो. सहाचे १२.६ झाले. म्हणून १२ हा आकडा धोक्याचा. बॅटरी अशा अर्धपोटी स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर गंधकाचे कठीण थर बसतात. ते एकदा पक्के झाले की चार्जिंगनेही सुटत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच गेल्या. ज्यांनी मायनसची वायर सोडून ठेवली किंवा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी फिरवली, त्यांच्या वाचल्या. जागेवर पाच मिनिटे इंजिन घुरघुरवण्याने काही होत नाही. 

आणखी दोन आकडे पाहावेत. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी मीटर बघावा. ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही किंवा ती रिकामी आहे. आधी पूर्ण चार्ज करून मगच निकाल द्यावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा असावा. १३ च्या खालीच राहत असेल तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे, नवी बॅटरी घालून तो जाणार नाही. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळते आहे असे समजावे. अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर करंट कमीजास्त करतो, त्यामुळे तिथे आकडा मधूनमधून खाली-वर झाला तर घाबरू नये.

मिस्त्रींनी केली ती चोरकरंटची तपासणी घरीही करता येते, पण जरा जपून. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, नाहीतर मीटर जळेल. गाडी बंद केल्यावर अर्धा तास थांबावे, कारण आजच्या गाड्यांतली यंत्रे झोपायला वेळ घेतात. मग ०.०५ पर्यंतचा आकडा चालतो. घड्याळ, अलार्म एवढे ओढतातच. त्याहून बराच जास्त असेल तर फ्यूज काढत जावे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारा जीपीएसचा डबा, हे दोघे नेहमीचे संशयित. काम झाले की लाल वायर मूळ भोकात परत घालावी, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि ठिणगी उडेल.

पाणी आणि तेजाब

बॅटरी ही काही आजची वस्तू नव्हे. शिसे आणि गंधकाचे तेजाब यांची पहिली बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली केली. मोटारीला सेल्फ आला तो १९१२ साली अमेरिकेत, कॅडिलॅक गाडीला. त्याआधी हँडल फिरवून इंजिन सुरू करावे लागे. जुन्या अँबॅसडरलाही हँडल असायचे हे आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आता हँडल नाही, आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या धक्क्यानेही सुरू होत नाहीत. त्यामुळे बॅटरी गेली की माणूस खरोखर अडकतो.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरवड्याला, पाणी पाहावे. प्लेटांच्या वर बोटाच्या नखाएवढे, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर पाणी हवे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, बोअरचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी घालू नये, त्यातले क्षार प्लेटांना खातात. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच घालून चार्ज करावे आणि मग पातळी पूर्ण करावी. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये उतू जाते. तेजाब मात्र कधीही वरून घालू नये. उडते ते पाणी, तेजाब आतच राहते. 'तेजाब टाकून ताजी करून देतो' असे सांगणारे रस्त्यावर भेटतात. त्या बॅटरीचा जोर चार दिवस वाढलेला दिसतो आणि मग ती कायमची बसते.

तेजाबाबद्दल कापडवाल्याच्या नात्याने एक सांगतो. बॅटरीचे काम करताना सुती कुर्ता घालू नये. थेंब उडालेला त्या वेळी दिसत नाही. पाणी सुकते, तेजाब धाग्यात दाट होत जाते आणि पहिल्या धुण्यात तिथे भोक पडते. पॉलिस्टरला त्याच थेंबाने सहसा काही होत नाही. आमच्या बाजारात ब्रासो म्हणून जे नक्षीचे कापड विकले जाते ते याच गुणावर बनते. मिश्र धाग्यावर तेजाबी पेस्ट छापतात, सूत जळून जाते आणि पॉलिस्टरची जाळी उरते. आमचा एक पांढरा सुती कुर्ता असाच ब्रासो झाला. कपडा दुसरा मिळेल, डोळा मिळणार नाही. म्हणून चष्मा लावावा. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जावे.

दुसरी काळजी आगीची. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिथे विडी-सिगारेट नको, ठिणगी नको, बंद खोली नको. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. वायर सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना उलट, आधी प्लस आणि शेवटी मायनस. कारण असे की गाडीचे सगळे लोखंड मायनसला जोडलेले असते. मायनस आधी सोडली की प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

टर्मिनलवर पांढरी-निळी पावडर साचलेली दिसली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावे. फेस येतो. तो थांबला की स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. सोड्याचे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये, ते तेजाबच मारून टाकेल. मग बहुतेक गाड्यांना लागतो तो दहा नंबरचा पाना घेऊन क्लॅम्प आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. हाताने हलणारा क्लॅम्प हे 'बॅटरी गेली' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रोगाचे फार वेळा खरे कारण असते. आमच्या शेजारच्या यार्नवाल्यांची गाडी याच कारणाने दोनदा बंद पडली आणि पाच मिनिटांत सुरू झाली. त्यांनी आम्हाला बिर्याणी खिलवली, हा वेगळा भाग.

घरी चार्जर असेल तर बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने चार्ज करावी. ३५ ची असेल तर साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास. चिमटे काढण्यापूर्वी चार्जर भिंतीवरून बंद करावा. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा झाला तर लाल वायरने प्लसला प्लस जोडावे. काळ्या वायरचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावे, बॅटरीला नव्हे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती वायूपासून लांब उडावी.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिव्यांसाठी आणि कॉम्प्युटरसाठी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. ती बसली की एवढी महाग गाडी दारही उघडत नाही. मात्र तिथल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नये, ते काम कंपनीचे.

नवी घेताना

आता बहुतेक बॅटऱ्या मेंटेनन्स-फ्री म्हणून विकल्या जातात. त्यात पाणी घालायचे नसते, पण मीटर लावायचाच असतो. काहींना हिरवा डोळा असतो. तो सहापैकी एकाच कप्प्याचे सांगतो, म्हणून डोळा हिरवा आणि बॅटरी बसलेली असेही होते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची बॅटरी वेगळ्या बनावटीची असते, तिथे स्वस्त म्हणून साधी बसवू नये.

दुकानात गेल्यावर भाव विचारण्यापूर्वी बनावटीची तारीख विचारावी. ती बॅटरीवर सांकेतिक अक्षरांत छापलेली असते, दुकानदाराकडून वाचून घ्यावी. सहा महिने फळीवर पडलेली बॅटरी कपाटात पडून घडीवर पिवळ्या पडलेल्या कापडासारखी असते. नवी म्हणूनच विकली जाते, पण आयुष्य तेवढे कमी झालेले असते. तिथेच मीटर लावायला सांगावे. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागावी. वॉरंटी २४ अधिक २४ महिने अशी लिहिलेली असते. त्यातल्या पहिल्या आकड्यापर्यंत बदलून फुकट मिळते आणि पुढच्या महिन्यांत नव्या बॅटरीवर ठराविक सूट मिळते. दुकानदार एकूण ४८ महिने असे सांगतो, तेव्हा हा फरक विचारून घ्यावा. कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जीएसटीचे पक्के बिलही घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा बॅटरीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो फरक बिलात दिसतो की नाही हेही पाहावे.

जुनी बॅटरी परत देताना तिचे पैसे वेगळे लिहून मागावेत. तिच्यातले शिसे पुन्हा वितळवून वापरले जाते, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही किंमत असते. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला ती विकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती ठरलेल्या मार्गानेच गेली पाहिजे. गल्लीबोळात भट्टी लावून शिसे वितळवले की त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. पुढच्या खेपेला आम्ही जुनी बॅटरी आधी घरी रात्रभर चार्ज करून सकाळी मीटर लावणार आहोत, आणि ती खरोखर गेली असेल तरच गाडीत टाकून दुकानात नेणार आहोत.